पड ठेवलेला तुकडा

मी अबू धाबीत, अल रीमला विसाव्या मजल्यावर राहतो आणि दुसऱ्यांच्या शेतांना मार्क देतो. हसू येईल, पण धंदा खरा आहे. कमी पाण्यात आणि जमीन न नासवता लहान शेतांतलं पीक वाढतंय का, हे आमची कन्सल्टन्सी तपासते.

तीन वर्षांपूर्वी अल ऐनजवळच्या एका शेतावर गेलो. मालकाला तिथे अरबाब म्हणतात. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, खजूर झाले, गहवा म्हणजे अरबी कॉफी झाली, आणि निम्मा फॉर्म मी गादीवर बसूनच भरून टाकला. शेत कसणारा मात्र सिंधकडचा एक म्हातारा होता, अर्धं आयुष्य तिथेच गेलेला. मग अरबाब, माझा सीनिअर, म्हातारा आणि मी शेत बघायला बाहेर पडलो.

काकडीच्या वाफ्यांशेजारी एक तुकडा मोकळा दिसला.

"ये खाली क्यों रखा है?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"साब, कुएँ का पानी खारा है. हर साल एक टुकड़ा छोड़ता हूँ. खूब पानी देकर नमक नीचे उतारता हूँ, फिर बकरी की खाद डालता हूँ."

मला वेगळं समजावायची गरजच नव्हती. गावी माझे वडील दरसाल एक तुकडा पड ठेवतात. रानालाही दम खाऊ द्यावा, म्हणतात. त्याच रानाच्या जिवावर मी शिकलो.

माझी मान हलताना बघून म्हातारा खूश झाला. "आपके घर भी खेती है क्या?"

मागे अरबाब उभा, शेजारी माझा सीनिअर. इस्त्रीच्या शर्टातल्या मला काय झालं कोण जाणे.

"नहीं," मी म्हणालो. "हम शहर वाले हैं."

आणि टॅबवर टिक केलं: विनावापर जमीन. खाली शेरा लिहायला रकाना होता. दोन ओळी पुरल्या असत्या. पण म्हाताऱ्याची बाजू घेतली असती तर मी शेतकऱ्याचा पोर हे उघड झालं असतं, म्हणून तो रिकामा सोडला. शेताची ग्रेड घसरली. चांगल्या ग्रेडवर अरबाबला फुकटात मिळणारं नेटहाउस, म्हणजे पिकावरचं जाळीचं घर, हातचं जाणार होतं. पुढच्या हंगामात इंचभरही मोकळं नको, असं त्याने म्हाताऱ्याला तिथेच बजावलं. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी टॅबमध्ये डोकं घातलं.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्या तुकड्यावर मिठाचा पांढरा थर धरला होता आणि काकडीचे वेल पिवळे पडले होते. शेतावर नवा माणूस होता.

"जुन्याने जमीन नासवली," अरबाब म्हणाला. "व्हिसा कॅन्सल, खलास. बरोबर केलं ना?"

आता तरी बोलायचं होतं. त्याऐवजी निघताना मी म्हणालो, "इन्शाल्ला, नवा चांगला निघेल." इतका नालायक मी त्याआधी कधी नव्हतो.

हे सगळं मी गेल्या महिन्यात फोनवर वडिलांना सांगितलं. शिव्या घालतील असं वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते एवढंच म्हणाले, "आपल्यासारखंच करत होता की रे तो. नाव काय त्याचं?"

फॉर्मवर शेतकरी म्हणून अरबाबचं नाव होतं. म्हाताऱ्याचं मी विचारलंच नव्हतं.