पिस्तूल निवडण्यात गेलेले शनिवार

परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरात आमची छोटी फार्मसी होती. मी आणि बायको, दोघंही फार्मासिस्ट, पुण्याहून आलेलो. त्या वर्षांत सर्दीच्या काही गोळ्यांवर चोरांचा डोळा असायचा, कारण त्यांच्यापासून नशेची पावडर बनवत. एका मंगळवारी दुपारी डोक्यावर हूड ओढलेला एक माणूस आत आला. काउंटरवर लोखंडी पहार आपटून म्हणाला, "सगळ्या दे."

मी दिल्या. घाईत निम्मी खोकी खाली पडली. तीही मी वाकून, उचलून त्याच्या हातात दिली. त्या वाकण्याची मला भयंकर लाज वाटली.

"बरोबर केलंस," बायको म्हणाली. "गोळ्याच गेल्या ना?"

पण मला चैन पडेना. लायब्ररीतून बंदुकांची मासिकं आणून वाचू लागलो. ऐन वेळी दगा न देणारं कुठलं, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? शर्टाखाली दिसणार नाही असं कुठलं? घरात दुसरा विषय उरला नाही. पुढे शहराबाहेरच्या एका पिस्तूल क्लबात नाव घातलं. तिथे सहा महिने नियमित गेल्याशिवाय परवान्याचा अर्जच करता येत नसे. त्यामुळे दर शनिवारी सकाळी मी क्लबात आणि बायको एकटी दुकानात, असं सुरू झालं.

क्लबात शिकवणारे एक निवृत्त सुतार होते. फार जीव लावून शिकवायचे. एकदा चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रोज जवळ बाळगायला यातलं कुठलं बरं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "या देशात कोणी जवळ बाळगत नाही. क्लब ते घर, रिकामं, कुलूपबंद पेटीत, एवढंच. स्वसंरक्षणासाठी हवं असेल तर आत्ताच सांग. मी तुझ्या अर्जावर सही करणार नाही."

"छे, छे, नेमबाजीसाठीच," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला.

घरी आल्यावर बायकोला बजावलं, "परवान्यासाठी पोलीस चौकशीला आले तर तूही नेमबाजीसाठीच म्हणून सांग."

ती म्हणाली, "मला बंदूक नकोय रे. तू शनिवारी दुकानात थांब, बास."

"अजून दोनच महिने," मी म्हणालो.

पाचव्या महिन्यातल्या एका शनिवारी मी दोन रिव्हॉल्व्हरं आलटून पालटून हातात घेत होतो. कुठल्याची मूठ नीट बसते ते बघत होतो. फोन बंद करून बॅगेत टाकलेला. बाहेर येऊन सुरू केला तर तिचे तीन मिस्ड कॉल, आणि हॉस्पिटलमधून एक निरोप.

दुकानात दोघं चोर आले होते. त्यांनी मागण्याआधीच तिने गोळ्या काढून दिल्या होत्या, तरी जाताना एकाने तिला ढकललं. उजवं मनगट मोडलं. औषध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि गाडी येईपर्यंत बायकोचा हात धरून बसल्या.

"मी असतो तर..." मी सुरुवात केली.

"तर आपण दोघं असतो," ती म्हणाली. "मला तेवढंच हवं होतं."

त्या आठवड्यात मी सुतारकाकांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. बायको कशी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

प्लास्टर निघालं तरी ती पुन्हा त्या काउंटरमागे उभी राहू शकली नाही. दाराची घंटा वाजली की दचकायची. तिने हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीसाठी अर्ज केला. बोटं अजून नीट वळत नव्हती, म्हणून तो मी टाइप केला. 'आधीचं काम सोडण्याचं कारण' असा एक रकाना होता. मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिलं.

"घरगुती कारण लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं.