असेल भिया, नसेल पण

"असेल भिया, नसेल पण," असं म्हणत माझ्या थेरपिस्ट मॅडम दोन्ही तळहात वर करायच्या आणि खांदे उडवायच्या. गॅस बंद असेल ना, दार लागलं असेल ना, मी बरा होईन ना, काहीही विचारा, उत्तर हेच. खात्री द्यायच्या बाबतीत इतकी चिक्कू बाई मी दुसरी पाहिली नाही.

नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला, जिथे भय्याचा 'भिया' होतो तिथे आलो, आणि माझा ओसीडी, पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यायचा आजार, बळावला. बाहेर पडताना कुलूप वीस-वीस वेळा ओढून बघायचो. बायको घरी असली की ऑफिसातून तिला गॅसचं विचारत राहायचो, आणि ती बिचारी दर वेळी "बंद आहे रे" म्हणायची. मॅडमनी पहिल्याच सेशनला तिला दम भरला, "ताई, आजपासून जवाब द्यायचा नाही. तुमच्या एका 'हो'ने याची भूक अजून वाढते." मला ही बाई दुष्टच वाटली.

मॅडम पन्नाशीच्या, इथल्याच जुन्या दरबारी मराठी घराण्यातल्या. पणजोबा फौजेत घोडेस्वार होते म्हणायच्या. मी विचारलं, खरंच? "असेल भिया, नसेल पण. मी काय तिथे उभी होते?" त्यांच्या गेटवरचा चौकीदारही बिघडला होता. मॅडम आहेत का विचारलं की म्हणायचा, "होंगी साहब, नहीं भी होंगी."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यावर चिडता चिडता विश्वास बसतो. माझा बसला.

सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्या घरीच आल्या. बायको देपालपूरला मैत्रिणीकडे गेली होती. मला चहा करायला लावला, गॅस बंद करताना बटणाकडे बघू दिलं नाही. कुलूप लावलं ते एकदाच, न ओढता. मग त्यांच्या गाडीतून शहराबाहेर राऊला गेलो आणि तिथल्या चहाच्या दुकानात दोन तास बसलो. माझा शर्ट घामाने भिजला होता. डोळ्यांसमोर आमचं स्वयंपाकघर पेटलेलं दिसत होतं. परत फिरू या म्हणून मी अक्षरशः हात जोडले. मॅडम शांतपणे कचोरी खात होत्या.

परतलो तेव्हा घर जागच्या जागी होतं. "देखा भिया? मागे कोणी बघायला नव्हतं, तरी घर उभं आहे!" मॅडम म्हणाल्या. मी जिन्यातच रडलो. ते दोन तास माझे होते. त्या आठवणीवर मी पुढचे आठ महिने काढले, आणि बरे काढले.

मग एकदा जेवताना बायको हसत बोलून गेली, "त्या रविवारी समोरच्या काकूंच्या गॅलरीत बसून माझे पाय अवघडले होते रे." आणि थबकली. मग सगळंच सांगितलं. ती देपालपूरला गेलीच नव्हती. आमची गाडी वळताच ती दुसरी किल्ली घेऊन वर गेली, गॅस बघून आली आणि मग काकूंच्या गॅलरीतून घरावर लक्ष ठेवून बसली. मॅडमनीच सांगितलं होतं.

बायकोचा राग आला, पण तिला मी समजू शकत होतो. मॅडमना नाही. ज्या बाईने मला एका "हो"साठी तरसवलं, तिने स्वतःसाठी मात्र खात्री करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "तुम्ही तिला गॅस बघायला सांगितलं होतं?"

त्यांचे तळहात सवयीने वर आले, मग टेबलावर टेकले.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं. मी घाबरले होते भिया."

सव्वा वर्षात मला मिळालेलं ते पहिलं पक्कं उत्तर. त्या क्षणी मला फक्त "असेल, नसेल पण" ऐकायचं होतं. मी खाली उतरलो आणि परत गेलो नाही. पुढे कळलं, दवाखाना बंद करून त्या मुलीकडे राहायला गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

कुलूप मी आजही एकदाच लावतो, ओढून बघत नाही. तेवढं त्यांनी शिकवलं. पण जिना उतरलो की मान वर होते, आणि समोरच्या गॅलरीत कोणी बसलंय का, ते मी बघून घेतो.