गंगाराम भाटकरांचा पांढरा दिवा

गंगाराम भाटकरांचे कान ट्रॉलरच्या इंजिनाने खाल्ले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवर इंजिन सांभाळलं. उजवा कान पार गेला, डाव्यात ओरडलेलं तेवढं शिरतं. हातपाय थकल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. हे मात्र रिमोटचं विमान उडवायला लागले! आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, दर रविवारी हौशी मंडळी जमतात, त्यांत हे एकटेच साठीचे. आधी कौतुक झालं. मग एका रविवारी विमान हवेत असताना बॅटरी उतरली. रिमोट इशारा देत बोंबलत राहिला, यांना पत्ता नाही. विमान आदळलं ते उभ्या गाड्यांपासून पाच हातांवर.

मंडळाचा प्रमुख सुजय. त्याने तिथल्या तिथे नियम काढला, की भाटकरकाकांनी एकट्याने उडवायचं नाही.

"सावित्रीकाकूंना आणा ना," तो त्यांच्या डाव्या कानाशी वाकून ओरडला. "रिमोट वाजला की त्या तुम्हाला सांगतील."

"बायकोच्या कानांनी विमान उडवू? त्यापेक्षा मोडून चुलीत घालीन!"

चूक आपली, हे त्यांना कबूल होतं. पण चूक एकदाची आणि राखण जन्माची, हा कुठला न्याय? तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरेना.

घरी ओटीवर त्यांनी विमान उघडलं. बॅटरी तिसऱ्या हिश्शावर आली की विमानावर दिवा लागावा, अशी जोडणी केली. दिवा घेतला लाल. पण बोटीवरच्या सवयीने डाव्या पंखाला लाल आणि उजव्याला हिरवा दिवा आधीच बसवलेला. झालं! गावाबाहेरच्या मळ्यात उडवून बघताना विमानाची डावी बाजू दिसली, की यांना वाटे बॅटरी गेली. तीनदा घाईघाईने उतरवलं.

"अवो, बॅटरी भरलेली हाय," सोबत आलेली सावित्री हसून लोळायची बाकी राहिली. "डोकं तेवढं उतरलंय तुमचं!"

तेही हसले. मग पोटाखाली उन्हातही दिसेल असा लखलखणारा पांढरा दिवा बसवला. शिवाय त्याच वेळी रिमोट हातात थरथरेल अशी सोय केली. इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून आतला ढिला बोल्ट ओळखणारा हात तो, त्याला आणखी काय हवं?

रविवारी सड्यावर भन्नाट वारा होता. सुजय शेजारी कान टवकारून उभा. रिमोट थरथरला, वर पांढरा दिवा लुकलुकला. भाटकरांनी सावकाश वळवून विमान अलगद टेकवलं.

"मला तर आवाज वाऱ्यात कळलाच नाही," सुजय ओरडून म्हणाला. "पण काका, नियम म्हणजे नियम. माणूस हवाच."

भाटकरांनी बॅटरी बदलली, रिमोटचा आवाज बंद केला आणि तो सुजयच्या हातात कोंबला.

"आता तू उडव मेल्या. आवाज नाय, सोबतीला माणूस नाय."

सगळे बघत होते; नाही कसं म्हणणार? सुजयने विमान वर नेलं. चार घिरट्यांतच त्याच्या कपाळावर घाम आला.

"काका, दिवा लागला का?"

ऐकू आलं नाही, पण ओठ कळले. भाटकरांनी हात मागे बांधले.

"तुझं तू बघ."

रिमोट थरथरला तसा सुजय दचकला, पण विमान त्याने नीट उतरवलं. रिमोट परत देताना त्याची मान खाली होती.

भाटकरांनी पुन्हा नवी बॅटरी लावली आणि कुणालाही न विचारता विमान सोडलं. नियमासाठी त्यांच्या शेजारी उभं राहायला आता कुणी पुढे आलं नाही, सुजयही नाही.