विभूतीतलं पेपरमिंट

आमच्या काशम्मा आत्याच्या पाया पडायला वाकलात, तर आशीर्वादाच्या आधी ती तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघते. ताप नसला तर तिचा थोडा हिरमोड होतो. मग ती जीभ बाहेर काढायला लावते, आणि काहीतरी सापडतंच. कपाटातून निळ्या बाटल्यांचा डबा बाहेर येतो.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लग्न झालं नाही. ‘जमलं नाही’ असं घरात म्हणतात आणि लगेच दुसरा विषय काढतात. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवता शिवता निवृत्त झाली आणि घरी बसून करायचं काय म्हणून तिनं मोबाइलवर सुगंधी तेलांचा क्लास लावला. तेव्हापासून आमच्या घराला घराचा असा वासच राहिला नाही. सकाळी निलगिरी, दुपारी गवती चहा, संध्याकाळी लॅव्हेंडर. डास चावला, टी ट्री. डोकं चढलं, पेपरमिंट. आप्पांना राग आला, लॅव्हेंडर, तेही त्यांना न सांगता उशीला. मी वैतागते, भांडते, पण एक कबूल करते, बाईला शिस्त आहे. खोबरेलात कालवल्याशिवाय ती कुणाच्या अंगाला थेंब लागू देत नाही. “भाजलं, कापलं, ताप चढला, तर आदी नळ, मग डॉक्टर, आन् मग काशम्मा,” हे ती अख्ख्या गल्लीला सुनावत असते.

ही शिस्त एकदाच मोडली, आणि ती नेमकी मला बघायला आले त्या दिवशी.

या ‘बघायला येणं’ प्रकाराचा मला मनस्वी संताप आहे. मी बँकेत दिवसभर लोकांची तापलेली डोकी थंड करते, आणि रविवारी कुणीतरी येतं, आमचे पोहे हाणतं आणि म्हणतं, जरा चालून दाखव. मी दोनदा चालले आहे. पहिल्यांनी कळवलं, उंची कमी. दुसऱ्यांनी कळवलं, चाल पुरुषी. तिसरे येणार होते अक्कलकोटचे. मी आप्पांना बजावलं, “या वेळी चालायला लावलं तर जी दारातून बाहेर पडेन ती सात रस्त्याच्या चौकातच थांबेन. पुन्हा कुणापुढं उभी राहणार नाही.” आप्पांचा चेहरा पडला. त्यांना हे स्थळ हवं होतं. आणि खोटं कशाला बोलू, अमरेशचा फोटो बघून मलाही हवं होतं. म्हणून तर जीव जास्त जळत होता.

एप्रिलचं ऊन. गाडीतून अमरेश, त्याची आई महेश्वरीबाई आणि तिप्पण्णामामा घामानं निथळतच उतरले. आमच्यात आल्यागेल्याला पाय धुवायला पाणी आणि मग विभूती. वाटीत पाण्यात कालवलेली असते, तीन बोटं बुडवायची आणि कपाळावर आडवे पट्टे ओढायचे. आत्याला पाहुण्यांची दया आली. एवढ्या उन्हाचं आलेत, कपाळाला जरा गारवा लागू दे, म्हणून तिनं वाटीत पेपरमिंट घातलं. घरच्यांसाठी एखादा थेंब घातला असता. पण पाहुणे सोयरे होणारे, तिथं हात आखडायचा कसा? धार धरली.

तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. आणि वाटी आधी पाहुण्यांपुढं जाते. म्हणजे सगळं तेल पाहुण्यांच्या तीन बोटांवर, आणि आमच्या वाट्याला नुसती विभूती.

“आहाहा, लई गार वाटतंय की,” तिप्पण्णामामा म्हणाले. आत्या दाराआडून खूश. मी पोहे घेऊन आले, खाली मान घालून बसले. महेश्वरीबाईंनी नाव विचारलं, नोकरी विचारली आणि म्हणाल्या, “बाळ, जरा दारापत्तूर चालून दाखव की.”

झालं. मी उठले. आप्पांनी डोळे मिटले. मी दाराकडं निघाले, चप्पल कुठं आहे तेही बघून ठेवलं. आणि मागं एकदम शांतता. वळून बघते तर तिघांच्या कपाळावरून घाम आणि पेपरमिंट डोळ्यांत उतरलेलं. तिघंही डोळे गच्च मिटून, तोंडं वाकडी करून, पण पाहुणे म्हणून अवघडून गप्प बसलेले. मी दारापर्यंत गेले, परत आले. बघणारं कुणीच नाही.

“चाल चांगली हाय,” तिप्पण्णामामा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

मला हसू फुटलं ते आवरेना. महेश्वरीबाईंनी “आग्गाई, डोळं” म्हणून हंबरडा फोडला तेव्हा कुठं आत्या खोबरेलाची बाटली घेऊन धावली. “चोळू नका, चोळू नका, माझी चूक झाली,” म्हणत एकेकाचं कपाळ पुसायला लागली. मी अमरेशला कोपराला धरून अंगणातल्या नळावर नेलं.

“तुमी श्रीदेवी का?” ओंजळीनं डोळ्यांवर पाणी मारत त्यानं विचारलं.

“व्हय.”

“मला अजून काय दिसत न्हाय.”

“बरंय. मग आता तुमी चालून दाखवा. त्या भिंतीपर्यंत.”

तो थांबला. मला वाटलं, आता चिडणार. पण पठ्ठ्या ओल्या शर्टानं, मिटल्या डोळ्यांनी, हात पुढं करून चालायला लागला. आप्पांच्या स्कूटरला गुडघा आपटला. “उंची चालंल का?” त्यानं तिथूनच विचारलं. मी नळ धरून हसले. माझं तिथंच ठरलं.

संध्याकाळी अक्कलकोटहून फोन आला. मुलाला पसंत आहे, मुलीला विचारून कळवा. आप्पा दिवसभर आत्याशी बोलले नव्हते, ते तिच्याकडं बघून नुसते हसले.

आत्या मोरीत विभूतीची वाटी घासत होती. मी म्हटलं, “खरं सांग, मुद्दाम ओतलंस ना?”

“न्हाय गं बाय. तुझी शपथ.” तिनं वाटी पालथी ठेवली, पदर खांद्यावर ओढला. तिच्या गळ्यावर पांढरा डाग आहे. आम्हाला सवय झाली आहे, दिसतसुद्धा नाही. “पण ह्ये तवा ठावं असतं तर मीबी वतलं असतं,” ती म्हणाली. “मला बगायला आले त्या सगळ्यांचे डोळे लई चांगले होते. त्यास्नी डाग तेवढा दिसला.”

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि तिला घट्ट धरून ठेवलं.