व्याह्यांसाठी बुचाची बाटली

धरणगावचे निंबा नाना शेतोशेती ठिबकच्या नळ्या जोडून देतात. गळकी नळी दिसली की परक्याच्या शेतातही त्यांचे हात शिवशिवतात. स्वभावाने देवमाणूस, पण पोरीच्या, मोहिनीच्या लग्नात एक घोळ करून बसले. साक्रीचे व्याही कौतिक आबा डॉक्टरला विचारून फक्त वाइन घेतात, म्हणून नानांनी मोठ्या हौसेने एक बाटली भेट दिली. तिला निघालं फिरकीचं झाकण!

"हाई ते फवारणीना औषधनी बाटली शे," आबा मांडवातच फुगले. "अस्सल वाइनले बूच राहस."

तेव्हापासून मोहिनीला माहेर बंद. दुकानदाराने नानांना परोपरीने समजावलं, की झाकण कसलंही असो, आतला माल चांगलाच असतो. पण दुकानदाराची मुलगी थोडीच आबांच्या घरात होती! यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, आबा सुनेला घेऊन आले खरे, पण अट घालून: पाहुणचार पटला तर ठेवीन, नाहीतर संध्याकाळी परत नेईन.

नानांनी धुळ्याहून बुचाची बाटली आणलीच होती. आबांनी बूच बोटाने दाबून पाहिलं आणि खुलले. "आते उघाडा, याही."

नानांना घाम फुटला. बूच काढायचं कशाने, हे विचारायचंच राहिलं होतं. सुरी वाकली. पकडीने नुसता भुगा निघाला. नानांची बायको सुनंदाबाई मुसळ घेऊन धावली, तिला आवरावं लागलं. मोहिनीचा चेहरा उतरला.

मग नानांनी जन्मभर केलं तेच केलं. ठिबकच्या नळीला भोक पाडायचं हत्यार आणलं आणि बुचाला दोन भोकं पाडली. एकात हवेसाठी बारीक नळी, दुसऱ्यात थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर. बाटली उलटी करून ओसरीच्या वाशाला टांगली, खाली आबांचा पेला ठेवला.

टप्. बऱ्याच वेळाने आणखी एक टप्.

आबा आधी वैतागले. मग थेंबाची वाट बघता बघता कांद्याच्या भावावर बोलले, सुनेच्या हातच्या पुरणपोळीचं कौतुक केलं, पत्ते मागवले. ऊन उतरलं तेव्हा कुठे घोटभर वाइन जमली. आबांनी ती डोळे मिटून घेतली.

"मंग आबा, मोहिनी राही ना?" नानांनी भीत भीत विचारलं.

"राही ना! आनि बाटली सरत नही तवपावत मी बी आठेच राहसु," म्हणत आबांनी मुक्कामासाठी ओसरीतच पाय पसरले.

सुनंदाबाईने नानांकडे असं काही पाहिलं, की नाना मुकाट्याने उठले आणि मोठा ड्रिपर शोधू लागले.