मिशीवरचा फेस

कासारवाडीच्या दवाखान्यातल्या नर्स सुमनताई रक्त काढायला निघाल्या की गल्लीतली दारं लागत. १९७६च्या हिवाळ्यात मात्र ती उघडून घेणं भाग होतं. गवळी रंगरावांचा सारखा येणारा-जाणारा ताप गाईच्या कच्च्या दुधातून आल्याचं निघालं होतं. घरातल्यांची आणि दूध घेणाऱ्या शेजाऱ्यांची तपासणी लगेच हवी होती. वेळेत सापडलं तर औषधानं बरं होतं, नाहीतर सांधे धरतात.

रंगरावांच्या बायकोनं, चतुराबाईनं, मुकाट हात पुढे केला. शेजारी मात्र एका सुरात म्हणाले, "आम्ही दूध उकळूनच पितो."

ज्योतीराम तर भांडायलाच उठला. बीडकडचा, कंपनीत टेम्पररी, परमनंट व्हायच्या बेतात. "ताई, कंपनीला कळलं तर घरी बसवतील. आन् मी कच्च्या दुधाला शिवत बी न्हाई!"

उठताना त्यानं कंबर धरली, हे सुमनताईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या गोठ्यात हजर. चतुराबाई धार काढत होती आणि पहिल्या शिफ्टची मंडळी पेले घेऊन उभी होती. सर्वांत पुढे ज्योतीराम, मिशीला पांढरा फेस.

"काय रे, कच्च्याला शिवत नाहीस ना?"

"हे कच्चं कुठं? धारोष्ण हाय! पेल्याला हात लावून बघा, गरम हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

"चतुराबाई, उकळायला सांगितलं होतं ना?"

"घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकांस्नी सांगितलं की. ह्यांचं तर गाईनंच तापवलंय!"

"रंगरावांनाही असंच पाजत होतात?"

चतुराबाईचा हात थांबला. ती उठली, चरवी बाजूला ठेवली आणि कडाडली, "पेलं खाली ठेवा! आदी ताईस्नी रगत द्या. मग दूध, ते बी चुलीवरचं."

ज्योतीराम घुटमळला. "आन् कंपनी?"

"मी कशाला सांगू? पण मशिनवर असाच कंबर धरून उभा राहिलास, तर फोरमनला आपोआप कळेल."

त्यानं बाही वर केली.

त्या रांगेतल्या तिघांच्या रक्तात तोच आजार निघाला, त्यांत ज्योतीराम. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन गाई वेगळ्या बांधल्या. औषधाच्या गोळ्यांवर तिघेही कुरकुरले, पण बरे झाले.

उन्हाळ्यात ज्योतीराम पेढे घेऊन दवाखान्यात आला. परमनंट झाला होता. सुमनताईंनी पेढा उचलला आणि विचारलं, "दूध उकळलं होतं ना?"

"ताई, उकळून उकळून त्याचा पेढा झाला. आता आणखी किती उकळू?"