सोळा बकऱ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि ती तर त्याच घरात होती. आता का सांगतोय, ते विचारू नका. ऊर भरून वगैरे आलेला नाही. खरं तर काहीच वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चंदीगडला, सेक्टर तीसमध्ये, आमची सरकारी नोकरी होती — उपकरणं बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं. शेजारच्या क्वार्टरमध्ये वसंता पाटणकर राहायचा. सांगलीकडचा, माझ्याच खात्यातला. त्याची मीनू अकरा वर्षांची. सांध्यांच्या तापानं तिच्या हृदयाला त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी अख्खा हिवाळा तिला अंथरुणात पडून राहायला सांगितलं होतं. शाळा बुडाली. मैत्रिणी पुढे गेल्या.

वसंतानं तिच्यासाठी पुठ्ठ्यावर वाघबकरीचा पट आखला. एका बाजूला तीन वाघ, दुसऱ्या बाजूला बकऱ्यांचा कळप, बकऱ्या म्हणजे शर्टाची बटणं. वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. मीनू नेहमी बकऱ्या घ्यायची आणि वसंता मुद्दाम हरायचा. एक दिवस तिनं ते पकडलं. खूप रडली. आजारी आहे म्हणून जिंकवतात — हे का तिला कळणार नव्हतं?

मग वसंतानं ध्यासच घेतला. बकऱ्या नेमक्या किती ठेवल्या की कुणालाच मुद्दाम हरावं लागणार नाही? पंधरा ठेवल्या की वाघ कळप फस्त करायचे. अठरा ठेवल्या की वाघांना हलता येईना. सोळा की सतरा, इथे गाडी अडली. स्वतःच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. बापाचा हात, तो बकऱ्यांकडे झुकणारच. आणि आमच्या कामात शिस्तच होती — दुसरं रीडिंग दुसऱ्या माणसानं घ्यायचं. त्यानं मला रेघा मारलेला कागद दिला. म्हणाला, "सोळावर चाळीस डाव टाका दोघं नवराबायको. तू लिहिलंस की पक्कं."

आम्ही एकही डाव टाकला नाही.

भांडण नव्हतं, हेवा नव्हता, वेळही होता. कंटाळा आला, एवढंच. पंधरा दिवस कागद टेबलावर पडून राहिला आणि मग एका दुपारी गच्चीत ऊन खात मी तो भरून टाकला. वाघ एकवीस, बकऱ्या एकोणीस. नीट भरला — मध्ये सलग चार डाव वाघांना दिले, मग तीन बकऱ्यांना. आकडे फार गुळगुळीत असले की संशय येतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वसंतानं कागद पाहिला आणि माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. माझे नाही.

पुढे एका रविवारी मी सुमनला घेऊन खरंच खेळून पाहिलं — का, ते सांगता येत नाही. सोळा बकऱ्या, सात डाव. बाजू बदलून बदलून खेळलो. सातही वाघांनी घेतले.

तेव्हा चार पावलं चालून शेजारी जायचं होतं. गेलो का? नाही गेलो.

तिकडे मीनू हरत होती. रोज. बाप आता खरा खेळत होता ना! ती चिडली की तो समजवायचा — काकांनी तपासलंय, डाव बरोबरीचा आहे, तू लक्ष देत नाहीस. जानेवारीअखेर मी तिला बघायला गेलो, तर पट मांडलेला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मराठी सगळं समजायचं तिला, बोलायची मात्र हिंदीतच.

"गेम तो बराबर है, अंकल," ती म्हणाली. "मैं ही बुद्धू हूँ."

वसंता चहा टाकायला आत गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. खोक्यात जास्तीची बटणं होती. सतरावी बकरी म्हणून एक उचलून पटाशेजारी ठेवायचं, एवढंच होतं. मला ते दिसत होतं.

मी म्हणालो, "बेटा, ध्यान देकर खेला करो."

तिनं मान हलवली. उठून बसली आणि एकेक करून सगळी बटणं खोक्यात भरून टाकली. त्यानंतर ती कधी कुणाशी खेळली नाही.